मागाहून आलेला उत्तम द्राक्षारस
लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे एक वाचन

काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना नवा नाही. लग्नविधीच्या मिस्सेत तो वाचला जातो, त्यावर प्रवचने होतात. द्राक्षारस संपला, पवित्र मरियेने ती उणीव हेरली, प्रभू येशूने रांजण पाण्याने भरावयास सांगितले आणि भोजनकारभाऱ्याने चाखले तेव्हा ते पाणी उरले नव्हते. संत योहानाने दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या अकरा ओव्यांत, म्हणजे वचनांत, एवढीच गोष्ट सांगितली आहे. परंतु तीत दोन बारीक तपशील आहेत. त्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही, आणि आमच्या आजच्या विवेचनाचा पाया तेच दोन तपशील आहेत.

पहिला तपशील रांजणांचा. ते सहा होते, दगडी होते आणि प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावत असे. आजच्या मापाने सगळे मिळून सुमारे पाचशे ते सातशे लिटर. हे पाणी पिण्यासाठी ठेवलेले नव्हते. यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीसाठी, हातपाय व भांडी धुऊन पवित्र करण्यासाठी ते रांजण होते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ते सोवळ्याचे पाणी होते. प्रभूने द्राक्षारसाचे रिकामे बुधले मागितले नाहीत. त्याने सोवळ्याचे रांजण निवडले.

दुसरा तपशील जाणकारांविषयीचा. द्राक्षारस उत्तम आहे हे भोजनकारभाऱ्याने ओळखले, पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते त्यांना ते ठाऊक होते. साहित्यसमीक्षकाची अवस्था बहुधा त्या कारभाऱ्यासारखी असते. चव त्याला कळते, उगम कळत नाही. हे ध्यानात ठेवूनच आम्ही मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राकडे वळत आहोत.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पहिला भाग वाचकांच्या हाती पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी वयाची पासष्टी ओलांडली होती, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि अक्षरओळख झाली ती त्यानंतर, पतीच्या आग्रहाने. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. म्हणजे ‘स्मृतिचित्रां’चा जन्म दुसऱ्याच्या चरित्राची साधनसामग्री म्हणून झाला. घरात मान्यवर लेखक एकच होता आणि तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना मानले. ‘अभंगांजली’ने त्यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत अढळ स्थान दिले. द्राक्षारसाची अपेक्षा त्या बुधल्याकडून होती आणि तो तसा आलाही. परंतु १९१९ साली टिळक निवर्तल्यानंतर पंधरा वर्षांनी जे पेय पंक्तीत आले, ते ज्या रांजणातून आले त्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

या ग्रंथाचा आपल्या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी ही त्यातील केवळ स्थळनामे नव्हेत. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे सर्वांत मोठे वळण तेथेच आले. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक नियतकालिकाने त्यांच्यावर लिहावे का, असा प्रश्न पूर्वी कदाचित उपस्थित झाला असता. परंतु १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तैक्यविषयक आदेश काढला आणि आपल्यापासून विभक्त झालेल्या बांधवांमध्ये जे खरेखुरे ख्रिस्ती धन आहे ते आनंदाने मान्य करण्यास आपणांस शिकवले. शिवाय मराठीपुरते बोलायचे तर हे नाते जुने आहे. १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रकाशित झाले. मध्ये तीन शतके आणि पंथाची भिंत आहे. पण ख्रिस्तचरित्र मराठी पद्यात सांगण्याची ऊर्मी एकच आहे.

आता ग्रंथाकडे. ‘स्मृतिचित्रां’ची सुरुवात लेखिकेच्या जन्माने होत नाही, तर सोवळ्याने होते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंचे मातामह फासावर गेले आणि त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. नाशिकजवळच्या जलालपुरातील त्या गोखल्यांच्या घरात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. मीठ-साखरेसारखे पाण्यात विरघळून जाणारे जिन्नसही त्यातून सुटत नसत. हा सारा भाग लक्ष्मीबाई अशा निर्विकार विनोदाने सांगतात की वाचक हसता हसता थबकतो. मीठ धुण्याने मीठ शुद्ध होत नाही, नाहीसे होते. लेखिका हे वाक्य कोठेही लिहीत नाही. ती केवळ त्या घराचा दिनक्रम सांगते आणि निष्कर्ष आपल्यावर सोपवते.

येथे काना गावच्या रांजणांची आठवण होणे आम्हांस अपरिहार्य वाटते. लक्ष्मीबाईंचे बालपण अशा घरात गेले की जेथे पाणी मुबलक होते आणि द्राक्षारस नव्हता. शुद्धीची सामग्री कमालीची. आनंद मात्र चोरून, भिऊन करावयाचा. त्या पाण्याचे पुढे काय झाले, हाच ‘स्मृतिचित्रां’चा खरा विषय आहे, असे आमचे मत आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काही वर्षांचा वियोग हा ग्रंथाचा सर्वांत करुण भाग आहे. पती जिवंत आहे आणि तरीही संसार मोडला आहे. समाजाच्या दृष्टीने ही बाई ना सौभाग्यवती, ना विधवा. पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढलेले दिवस लक्ष्मीबाईंनी अश्रूंचा वर्षाव न करता सांगितले आहेत. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपला स्वयंपाक वेगळा, आपले पाणी वेगळे, आपले सोवळे अबाधित ठेवून आल्या. ज्याच्यासाठी जीव तळमळला त्याच्याच घरात पाण्याची सीमारेषा आखून त्या राहिल्या. ही रेषा कशी पुसली गेली? एखाद्या सभेतील प्रवचनाने नव्हे, चमत्कारिक दर्शनाने नव्हे आणि पतीच्या युक्तिवादानेही नव्हे. युक्तिवादात टिळक तरबेज होते आणि लक्ष्मीबाईही हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्याच मनात विचार सुरू झाला की जातिभेद देवाने केला असता तर त्याची काही खूण त्याने माणसाच्या देहावर ठेवली असती. ज्याअर्थी ती नाही त्याअर्थी हा भेद माणसाने केला आहे. तो विचार पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सिद्ध झाल्या. स्नानसंस्कार त्यानंतर झाला. राहुरीच्या काळात, १९०० साली.

हा क्रम लक्षणीय आहे. आधी पाणी मोकळे झाले, मग ते अभिषेकाचे झाले. धर्मांतराच्या कथा आपण बहुधा उलट क्रमाने सांगतो: आधी संस्कार, मग माणूस बदलला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत संस्काराने एका दीर्घ परिवर्तनावर मुद्रा उमटवली. मतांतराची घाई न करणारी ही प्रामाणिकता आमच्या मते ग्रंथाचे सर्वांत मोठे आध्यात्मिक मूल्य आहे.

‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडलेले दिसतात. पहिला वर्ग रसिकांचा. त्याला जुन्या ब्राह्मणी घराचे चित्र, टिळकांचा विक्षिप्तपणा, घरखर्चाचे पैसे घेऊन बाहेर पडलेला कवी काय घेऊन परतेल या चिंतेत बसलेली गृहिणी, हा भाग आवडतो. धर्मांतर त्याला कथानकातील एक नाट्यमय कलाटणी वाटते. दुसरा वर्ग भाविक ख्रिस्ती वाचकांचा. त्याला हा ग्रंथ साक्ष म्हणून हवा असतो. पूर्वार्ध त्याच्या दृष्टीने अंधार, उत्तरार्ध प्रकाश. दोन्ही वर्ग ग्रंथाचे दोन तुकडे करतात. एकाला पाणी हवे आहे, दुसऱ्याला द्राक्षारस.

आमचे म्हणणे असे की या ग्रंथाची थोरवी त्याच्या अखंडतेत आहे. मिस्सेत अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळतो. एकदा मिसळल्यावर तो थेंब कोणालाही वेगळा काढता येत नाही. लक्ष्मीबाईंची भाषा तशी आहे. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या आयुष्याविषयी लिहिताना त्या मिशनऱ्यांची भाषांतरित मराठी वापरीत नाहीत. माजघरातली, नदीकाठची, जात्यावरची जी भाषा त्यांनी माहेरून आणली, तीच भाषा प्लेगच्या साथीविषयी, मिशनच्या आवारातील रुसव्याफुगव्यांविषयी, घरात येऊन राहिलेल्या निराधार मुलांविषयी बोलते. जुने पाणी ओतून देऊन नवा रस भरलेला नाही. कानातही रांजण उपडे केले गेले नव्हते. जे भरले होते तेच पालटले. आपल्या ख्रिस्तसभेत संस्कृतीकरणावर पुष्कळ चर्चा होते, परिषदा भरतात, पत्रके निघतात. त्या शब्दाचा उच्चारही न करता एका वृद्ध स्त्रीने ते करून दाखवले आहे.

तुलनेसाठी रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) घेता येतील. तोही थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेला, मराठीत मानाचे स्थान मिळवलेला ग्रंथ. परंतु तेथे पत्नी ही शिष्या आहे. न्यायमूर्तींचे मोठेपण हा त्या आठवणींचा देव्हारा आहे. लक्ष्मीबाई देव्हारा बांधीत नाहीत. त्यांचे टिळक रागीट आहेत, उदार आहेत, विसराळू आहेत, हट्टी आहेत आणि प्रेमळ आहेत. पत्नी त्यांच्याशी भांडते, त्यांची फजिती सांगते, आणि हे सांगत असताना तिच्या प्रेमाविषयी वाचकाला क्षणभरही शंका येत नाही. संतचरित्रे वाचून माणसे दूर जातात. हे चरित्र वाचून टिळक आपल्या ओसरीवर येऊन बसतात. आणि नकळत आणखी एक गोष्ट घडते. चरित्रनायकाची साधनसामग्री गोळा करता करता सामग्री लिहिणारीच ग्रंथाची नायिका होऊन बसते. तिचा तसा हेतू दिसत नाही. म्हणूनच आम्ही या ग्रंथाला अनपेक्षित द्राक्षारस म्हणतो. लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असावे, हाही एक सुंदर योग आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही भाविक वाचक म्हणतात की ‘स्मृतिचित्रां’त प्रभूविषयी फार थोडे आहे. प्रार्थनेचे अनुभव, पापाची जाणीव, तारणाचा आनंद यांची वर्णने विरळ; विनोद आणि संसार मात्र पानोपानी. आक्षेप खोटा नाही. परंतु काना गावी प्रभूने प्रवचन केले होते का? त्या प्रसंगात त्याच्या मुखी मोजके शब्द आहेत. आईला दिलेले उत्तर आणि चाकरांना केलेल्या दोन आज्ञा. वधूवरांना उपदेश नाही, पाहुण्यांना बोध नाही. कोणी काय केले हे बहुतेक पाहुण्यांना कळलेही नाही. तरीही योहान सांगतो की येथेच त्याने आपला गौरव प्रकट केला. ज्या ग्रंथात निराधार मूल घरात घेतले जाते आणि त्याविषयी फुशारकीचा एक शब्द येत नाही, त्या ग्रंथात प्रभू थोडा आहे असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

उपमेलाही मर्यादा असतात आणि त्या सांगणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. आपल्या खेड्यांतून दारूने किती चुली विझवल्या हे आपल्या माताभगिनींना सांगावयास नको. द्राक्षारसाचे रूपक कोणी त्या बाटलीचे समर्थन म्हणून वापरू नये. जलालपूरच्या त्याच पंचक्रोशीत आज द्राक्षमळे आणि वाइनचे कारखाने उभे आहेत. नाशिकच्या वाइनचे नाव देशभर झाले आहे. तो व्यापाराचा विषय आहे. कानाचा द्राक्षारस हा एका गरीब घराची अब्रू राखण्यासाठी दिलेला प्रसाद होता, आणि रूपकाचा आधार तेवढाच आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि ती आपल्याशी थेट संबंधित आहे. जलालपूरच्या घरात मीठ धुतले जाई ते कोणाच्या स्पर्शाच्या भयाने? केंदळ, वळण, संगमनेर, राहाता, हरेगाव या परिसरातील आपल्या अनेक कॅथलिक कुटुंबांनी हा प्रश्न स्वतःच्या आज्यापणज्यांच्या दृष्टीने विचारून पाहावा. या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यत्वे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभा राहिला. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांनी प्रभूचे नाव घेतले, तेव्हा त्यांच्यापाशी सोवळ्याचे रांजण नव्हते. सार्वजनिक पाणवठ्याचा हक्कही नव्हता. लक्ष्मीबाई सोवळे ओलांडून या माणसांपर्यंत आल्या, त्यांच्यात राहिल्या, त्यांच्या मुलांना त्यांनी आपले म्हटले. हे मोठेच आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ ही त्या प्रवासाची एका बाजूने सांगितलेली कथा आहे. ज्यांच्याकडे त्या आल्या, त्यांना हे आगमन कसे दिसले? नव्याने आलेल्या या बाईंच्या हातून पहिला तांब्या घेताना त्यांच्या मनात काय होते? ते या ग्रंथात नाही आणि लेखिकेकडून त्याची अपेक्षा करणेही न्याय्य नव्हे. ते ज्यांनी लिहावयाचे त्यांनी ते लिहावयाचे आहे.

कानाची कथा येथे पुन्हा मार्गदर्शक ठरते. उगम ठाऊक होता तो पाणी काढणाऱ्यांना. कारभाऱ्याची साक्ष नोंदली गेली, वराचे कौतुक झाले. चाकरांची नावे शुभवर्तमानात नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासातही मिशनऱ्यांची नावे नोंदली आहेत, लेखककवींची नोंदली आहेत. दुष्काळात पाण्याच्या शोधात मैलोन्‌मैल चाललेल्या, हरेगावच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या मोळ्या वाहिलेल्या, मतमाउलीच्या यात्रेला लेकरू कडेवर घेऊन पायी गेलेल्या बायकांची स्मृतिचित्रे कोठे आहेत? ती आहेत, पण आज्यांच्या ओठांवर आहेत, कागदावर नाहीत. आणि ओठांवरची स्मृती एका पिढीहून अधिक टिकत नाही.

या संदर्भात देवदत्त टिळकांचा विसर पडता कामा नये. आई लिहू शकेल असे त्यांना वाटले, हीच मराठी साहित्यावर केलेली मोठी सेवा आहे. द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेने प्रथम पाहिले. उणीव पाहणारा डोळा असल्याशिवाय चमत्काराला प्रारंभ होत नाही. देवदत्तांनी आईसमोर कागद ठेवला तेव्हा तिच्यात एक अभिजात लेखिका दडली आहे याची त्यांना पूर्वकल्पना असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी केवळ रांजण भरावयास सांगितला, आणि लक्ष्मीबाईंनी तो काठोकाठ भरला. पुढे विजया मेहता यांनी या ग्रंथावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई साकारल्या, शांता गोखले यांनी २०१७ साली त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे शब्द पंक्तीतून पंक्तीत फिरत राहिले आहेत.

माणसाच्या अंतरंगात खोल काही दडलेले असते, असे आपण सहज म्हणतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर या म्हणण्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. भोजनकारभाऱ्याने वराला बोलावून म्हटले की तू उत्तम ते मागे राखून ठेवलेस. त्याची समजूत अशी की यजमानाने उंची माल कोठडीत लपवला होता. खरे पाहता कोणीही काही लपवले नव्हते. रांजण अंगणात, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभे होते. येणारा प्रत्येकजण त्यांतले पाणी घेऊन पाय धुऊन पुढे जात होता. लक्ष्मीबाईही लपलेल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात होत्या, विहिरीवर होत्या, टिळकांच्या शेजारी होत्या. लोक त्यांना टिळकांची बायको म्हणत आणि पुढे जात. आपल्या घरांत, आपल्या बाकांवर, मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर टेकलेल्या म्हाताऱ्यांत असे किती रांजण भरून उभे आहेत, हे त्यांच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळणार नाही.